चांगल्या हेतूंचा हिशोब कोण देणार?

खाडीपार:

बरेच दिवस मनात साठलंय, आज लिहूनच टाकतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २००१ साली अमेरिकेत आलो, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात स्थिरावलो, २०१२ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं आणि २०१७ मध्ये नागरिक झालो. २०१८ मध्ये पहिल्यांदा मत दिलं ते डेमोक्रॅटांना, कारण आमच्या ओळखीतले सगळे त्यांनाच देत. कर भरताना मी कधी कुरकुरलो नाही. गरिबाला सरकारने हात द्यावा हे मला पटतं. शेजारी कुठल्या देवाला मानतो, कुणाशी लग्न करतो, याच्याशी मला देणंघेणं नाही. तरी आज मी स्वतःला कॉन्झर्वेटिव्ह म्हणवतो. हे एका रात्रीत झालेलं नाही.

सुरुवात गणितापासून झाली. मुलगी सातवीत असताना आमच्या शाळा मंडळाने आठवीतलं बीजगणित बंद केलं. त्या वर्गात काही समाजांची मुलं कमी दिसतात, म्हणून तो वर्गच अन्यायाचा, असं कारण दिलं. मी सभेत एवढंच विचारलं, की ज्यांना तिथवर पोचता येत नाही त्यांना पाचवीपासून जादा शिकवायचं तर किती खर्च येईल? उत्तर मिळालं नाही. सभा संपल्यावर एका पालक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्यासारख्यांना स्वतःचे विशेषाधिकार दिसत नाहीत. माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. मी नुसता गप्प उभा राहिलो. ते वाक्य अजून टोचतं.

सॅन फ्रान्सिस्कोने हाच प्रयोग २०१४ मध्ये केला होता. बीजगणित सरसकट नववीत ढकललं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी आकडे तपासले, तर वरच्या गणितातली वांशिक दरी जवळपास होती तेवढीच. ज्यांना परवडतं ते मुलांना बाहेरून शिकवतातच. अडकतो तो हुशार पण गरीब पोरगा. मार्च २०२४ मध्ये मतदारांना विचारलं, आठवीत बीजगणित परत हवं का? ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. त्या शहरात रिपब्लिकन मतदार मूठभर आहेत, म्हणजे हे उत्तर मुख्यतः डेमोक्रॅट आईबापांनीच दिलं. मधे दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत आठवीतून पुढे गेलेल्या मुलांचं काय, हे कुणी बोललं का?

परीक्षेचंही तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये प्रवेशासाठी एसएटी सोडायचं ठरवलं. त्याच वर्षी विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने लिहून दिलं होतं की विद्यार्थी पुढे कसा टिकेल याचा अंदाज या परीक्षेतून चांगला येतो, आणि मागे पडलेल्या घरांतली गुणी मुलं ओळखायलाही ती उपयोगी पडते. अहवाल बाजूला ठेवला गेला. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सॅन डिएगो शाखेतल्या अहवालात आलं, की गणित हायस्कूलच्या पातळीपर्यंतही न पोचलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली. त्या मुलांना आत घेऊन आपण त्यांचं भलं केलं का, सांगा.

मतभेदाची मला चीड नाही. धोरण आणताना भाषणं होतात, ठराव होतात, टाळ्या पडतात. ते फसलं की सगळे गप्प. आणि ज्याने आधी शंका काढली तो मात्र कायमचा मागासलेला ठरतो. आम्ही प्रश्न विचारला की आमच्या मनातच खोट आहे असं धरून चालतात. शेतकरी नवीन बियाणं आणतो तेव्हा आधी एका वाफ्यात पेरून बघतो, अख्ख्या रानात पसरत नाही. मी कॉन्झर्वेटिव्ह झालो म्हणजे एवढंच झालो.

ताळेबंद:

खाडीपार, शब्दाशब्दाला सहमत. माझा धंदाच हिशोब तपासायचा, म्हणून थोडी भर घालतो.

कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरचा एप्रिल २०२४ चा अहवाल ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचा. बेघरांसाठी राज्याने पाच आर्थिक वर्षांत सुमारे २४ अब्ज डॉलर खर्च केले, निदान ३० योजनांमधून. त्या सगळ्यांचा मेळ घालायला एक परिषद नेमलेली आहे. तिने २०२१ नंतर कुठे किती खर्च झाला आणि त्यातून काय निघालं याची सलग नोंदच ठेवली नव्हती. ऑडिटरने पाच योजना तपासायला घेतल्या. दोन किफायतशीर दिसल्या. हॉटेलं आणि मोटेलं घेऊन त्यांची घरं करायची योजना त्यातलीच एक. बाकी तिन्हींबद्दल बरंवाईट काहीच सांगता येईना, कारण आकडेच गोळा केलेले नाहीत. २०२३ च्या मोजणीत राज्यात १ लाख ८० हजारांच्या वर बेघर माणसं होती.

माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाने असं जमाखर्चाचं पुस्तक पुढे ठेवलं तर मी सही करणार नाही.

दुसरं, कॅलिफोर्नियाची वेगवान रेल्वे. २००८ मध्ये मतदारांनी ९.९५ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. तेव्हा एकूण खर्च ३३ अब्जांच्या आसपास सांगितला होता आणि २०२० पर्यंत सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस गाडी धावणार होती. आता अंदाज १०० अब्जांच्या पुढे गेलाय, काम मर्सेड ते बेकर्सफील्ड या १७१ मैलांवर अडकलंय आणि एकही प्रवासी अजून चढलेला नाही. मला रेल्वे हवी आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

नीलमोहर:

खाडीपार, तुम्हाला सभेत जे ऐकवलं गेलं ते चूकच होतं. माणूस कुठून आलाय हे न विचारता त्याला विशेषाधिकार चिकटवणं मलाही आवडत नाही. पण तुमचा राग खरा असला तरी सगळा दोष एकाच दारात नेऊन टाकताय.

बेघरांचा प्रश्न मुळात घरांच्या टंचाईचा आहे. १९७८ चं प्रपोझिशन १३, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेला मालमत्ता कराचा कायदा, कुणाचं लाडकं? करकपात हवी असणाऱ्या कॉन्झर्वेटिव्ह मंडळींचं. घराची किंमत दुपटी-तिपटीने वाढली तरी करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. त्यामुळे जुना मालक घर सोडत नाही आणि नव्याला मिळत नाही. बांधकाम अडवायला ज्या पर्यावरण कायद्याचा आधार सर्रास घेतला जातो, त्यावर १९७० मध्ये सही रोनाल्ड रेगन यांची आहे. शहरातल्या रिकाम्या जागांवरच्या घरबांधणीला त्यातून सूट देणारा कायदा २०२५ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नरने केला.

आणि हिशोबच मागायचा तर कॅन्ससचा मागा. २०१२ मध्ये तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरने आयकर मोठ्या प्रमाणात कापला, अर्थव्यवस्थेला जोर येईल म्हणून. तिजोरीला भगदाड पडलं, शाळा आणि रस्त्यांची ओढाताण झाली. शेवटी २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून ती कपात मागे घेतली. त्याही प्रयोगाला अख्खं रान दिलं होतं, वाफा नव्हता.

आपण या देशात आहोत तेच मुळी कशामुळे? १९१७ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना दार बंद केलं होतं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं, तू गोरा नाहीस, नागरिक होऊ शकत नाहीस. ते दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर आला. ती चळवळ झाली तेव्हाही लोक 'जरा दमानं घ्या' असंच सांगत होते.

सह्यकडा:

नीलमोहर, जुना इतिहास किती दिवस पुरवणार? आज आमच्या इथे दुकानात टूथपेस्टसुद्धा कुलपात असते. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या प्रपोझिशन ४७ ने ९५० डॉलरपर्यंतची चोरी माफ करून टाकली, त्याची ही फळं. प्रामाणिक माणसाने बटण दाबून कुणी कुलूप उघडायची वाट बघायची.

डोंगरवाट:

सह्यकडा, मी तुमच्याच बाजूचा, पण चुकीचं लिहू नका. आपणच कच्चं बोललो तर समोरच्याचं आयतं फावतं.

९५० डॉलरच्या खालची चोरी माफ झाली नाही, ती किरकोळ गुन्हा ठरली. शिवाय तो आकडा त्याआधीच, २०१० मध्ये, ४०० वरून ९५० केला होता. मी सहा वर्षांपूर्वी टेक्ससला आलो. इथे हीच मर्यादा २,५०० डॉलर आहे, म्हणजे कागदावर टेक्सस जास्त मवाळ. मग फरक कुठे पडला? प्रपोझिशन ४७ ने पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्याला आधीच्या शिक्षा धरून मोठा गुन्हा लावायची वाट बंद केली. पोलीस म्हणू लागले, पकडून उपयोग काय, उद्या बाहेर. काही ठिकाणी सरकारी वकीलच खटले चालवायला नाखूश. चोराला नियमाचं पुस्तक वाचायची गरज नसते, त्याला हवा कळते.

हे लोकांनाही कळलं. सॅन फ्रान्सिस्कोने जून २०२२ मध्ये आपला निवडून आलेला जिल्हा सरकारी वकील ५५ टक्के मतांनी पदावरून हटवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन ३६ आलं, तिसऱ्यांदा चोरी करणाऱ्याला पुन्हा मोठा गुन्हा लागू करणारं, आणि ते सुमारे ६८ टक्क्यांनी मंजूर झालं. गव्हर्नरचा त्याला विरोध होता.

पावशा:

मी पोर्टलंडमध्ये रुग्णालयात काम करते. मत कायम डेमोक्रॅटांना, पुढेही तिकडेच जाईल. पण या विषयावर मला गप्प बसवत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये ऑरेगॉनने मेझर ११० मंजूर केलं, ५८ टक्क्यांनी. माझंही मत त्यात होतं. स्वतःपुरतं अमली द्रव्य बाळगणं हा गुन्हा राहणार नाही, १०० डॉलरची पावती मिळेल, आणि हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की तीही रद्द. गांजाच्या करातून उपचार केंद्रं उभी राहणार होती. व्यसन हा आजार आहे, तुरुंगाने बरा होत नाही, हे मी रोज बघत होते. आजही त्यावर ठाम आहे.

पण फोन फारसे कुणी केलेच नाहीत. पावत्या कचऱ्यात गेल्या. गुन्हेगारी कलम फेब्रुवारी २०२१ मध्ये लगेच उठलं, आणि उपचारांचे पैसे संस्थांपर्यंत पोचायला पुढे दीड वर्षाच्या आसपास लागलं. नेमक्या त्याच काळात फेंटॅनिल हे जीवघेणं अमली द्रव्य आलं. पोर्तुगालचं नाव घेऊन आम्ही मत मागितलं होतं, पण पोर्तुगालने २००१ मध्ये नुसता गुन्हा काढला नव्हता. पकडलेल्या माणसाला तिथे डॉक्टर आणि समाजसेवक असलेल्या समितीपुढे जावंच लागतं. आम्ही तेवढीच बाजू गाळली, कारण सक्ती हा शब्द आम्हाला नको होता.

एका मुलाला आम्ही एका महिन्यात तीनदा शुद्धीवर आणलं. चौथ्यांदा तो आला नाही. त्याची आई मला विचारत होती, त्याला कुणी धरून का ठेवलं नाही? मी तिला काय सांगणार होते? २०२४ मध्ये विधिमंडळाने कायदा फिरवला, सप्टेंबरपासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. तेव्हा माझ्या बाजूचे लोक म्हणाले, हे भीतीचं राजकारण आहे. नाही हो. काही आयांनी प्रश्न विचारला होता.

खाडीपार, तुमच्याशी मी बहुतेक बाबतीत भांडेन. पण हेतूवर बोट ठेवून परिणामांकडे डोळेझाक करू नये, हे मला त्या बाईने शिकवलं.

उंबरठा:

शाळांचा विषय निघालाच आहे तर एक भर. मी मेरिलँडची, दोन मुलांची आई. आमच्या राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत २०२२ मध्ये लहान वर्गांच्या वाचनात लिंगओळख आणि समलैंगिकतेवरची गोष्टींची पुस्तकं आली. आधी पालकांना कळवून मुलाला त्या तासापुरतं बाहेर ठेवायची सोय होती, ती २०२३ मध्ये काढून घेतली. न्यायालयात जे गेले त्यांत मुस्लिम, कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स आईबाप होते. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ ने त्यांच्या बाजूने कौल दिला.

पुस्तकं जाळा असं ते म्हणत नव्हते, दुसऱ्यांच्या मुलांना वाचू देऊ नका असंही नाही. आमच्या सहा वर्षांच्या लेकराशी हा विषय कधी बोलायचा ते आम्हाला ठरवू द्या, एवढंच. हे लोक दूर देशातून आले, त्यांचं स्वागत करणाऱ्या पाट्या त्याच गावातल्या अंगणात लागल्या, आणि ते तोंड उघडून बोलल्यावर त्यांना सांगितलं गेलं की तुमच्या बोलण्यात द्वेष आहे. आमचं येणं चालतं आणि आमचं मत चालत नाही, हे फार लागतं मनाला.

नीलमोहर:

उंबरठा, हे मान्य. सूट काढून घेणं चूक होती. मात्र त्याच वर्गात दोन आया असलेलं मूलही बसतं. त्याच्या घराची गोष्ट निघाली की अर्धा वर्ग उठून बाहेर जातो, हे त्याला कसं वाटत असेल, तेही मनात असू द्या.

पाटीपेन्सिल:

मी मिसिसिपीत अकरा वर्षं प्राथमिक शिक्षिका आहे. गणितावर सगळे बोललात, मी वाचनावर बोलते, कारण एखादी गोष्ट नीट झाली की तीही सांगायला हवी.

२०१३ मध्ये चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत आमचं राज्य ४९ वं होतं. देशातलं सगळ्यात गरीब राज्य, सगळ्यांनी हात टेकलेले. २०२४ मध्ये ते नववं आलं, कॅलिफोर्नियाच्या पुढे. अध्येमध्ये कुठला चमत्कार झाला नाही. २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, की तिसरीच्या शेवटी वाचता आलं पाहिजे, नाहीतर चौथीत जायचं नाही. बाहेर एवढंच माहीत असतं आणि लोक म्हणतात, किती निर्दय. बाकीचं कुणी सांगत नाही. बालवाडीपासून तिसरीपर्यंत वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाची तपासणी. मागे पडलेल्याच्या घरी लगेच पत्र आणि त्याच्यासाठी वेगळी आखणी. शेवटच्या परीक्षेला पुन्हा बसायची संधी, काही मुलांना रास्त कारणासाठी सूट. आणि आमचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणात मला कळलं की मी आधी जे करत होते ते मुलांना अंदाज बांधायला शिकवणं होतं. चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, काय शब्द असेल ओळख. आपण बाराखडी घोकून वाचायला शिकलो, अक्षर आणि आवाज यांची गाठ आधी बसली, आणि इथे ते जुनाट म्हणून टाकून दिलं होतं. राज्याने सगळ्यात कमजोर शाळांमध्ये वाचनाचे प्रशिक्षक पाठवले. ते वर्गात माझ्या शेजारी बसायचे, चुकले की तास संपल्यावर दाखवायचे. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग यायचा.

टीकाकार म्हणतात, कच्ची मुलं तिसरीत अडवली की चौथीचे गुण वाढणारच. अडवलेलं मूल पुढच्या वर्षी चौथीत येतंच की, आणि तेव्हा चाचणीलाही बसू शकतं. एका वर्षाच्या खेळाने एवढा पल्ला गाठता येत नाही. आठवीचे निकाल मात्र एवढे चांगले नाहीत, ते मी लपवणार नाही. तिथे अजून खूप काम आहे.

या कायद्यावर सही करणारा गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ रिपब्लिकन. पण २००० मध्ये वाचनासाठी १० कोटी डॉलर देऊन पाया घातला तो एका खासगी देणगीदाराने. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं काळी, गरीब घरांतली. त्यांना वाचता येणं यापेक्षा मोठा न्याय मला माहीत नाही, आणि तरी मोठ्या शहरांतल्या शिक्षणतज्ज्ञांनी आमच्याकडे बघायला कितीतरी वर्षं लावली, कारण हे मिसिसिपीत झालं.

सह्यकडा:

पाटीपेन्सिल ताई, उत्तम माहिती. डोंगरवाट, चूक मान्य. आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते मी बोलतो. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदाविरुद्ध वेगळा कायदा केला, कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने नकार दिला म्हणून थांबलं. इथल्या उदारमतवाद्यांनी आपल्या सगळ्या समाजाला संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. आम्ही इथे कुणाची जात विचारतो का?

निळीपहाट:

तुम्ही विचारत नसाल. मला विचारली गेली आहे. थेट नाही, आडून. 'गाव कुठलं? आडनाव तेच का? घरी मांसाहार असतो का?' पहिल्या नोकरीत आपल्याच भाषेतल्या एका वरिष्ठाने हे तीन प्रश्न विचारले, आणि नंतर दुपारच्या डब्याला बोलावणं बंद झालं. तक्रार कुठे करणार होते मी? कुठल्या खान्यात टाकणार होते?

गव्हर्नरनेही असा भेदभाव होत नाही असं म्हटलं नव्हतं. सध्याच्या कायद्यांतच त्याला बंदी आहे, म्हणून वेगळा कायदा नको, एवढंच म्हटलं होतं. तो वाद कायद्याचा आहे आणि त्यावर मतं वेगळी असू शकतात. पण खाडीपार, तुमचा धागा मी पहिल्यापासून वाचतेय आणि तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. सरकारकडे परिणामांचा हिशोब मागता ना, तसाच समाजाकडेही मागा. परंपरा जपायची म्हणता तेव्हा कुठली परंपरा, आणि तिची किंमत कुणी मोजली, हे कुठल्या वहीत लिहिलंय? बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे माणूस म्हणून वागवले गेले आणि परत गेल्यावर राहायला जागा मिळेना. आमच्यासाठी 'दमानं घ्या' या शब्दांचा अर्थ वेगळा लागतो.

खाडीपार:

कामावरून आत्ता आलो, सगळं दोनदा वाचलं.

निळीपहाट, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नाही. त्या विधेयकाला माझा विरोध होता आणि अजून आहे, कारण 'जात' हा शब्द कायद्यात गोवला की आपल्या समाजातल्या नव्या पोरांवरही ठपका बसतो असं मला वाटतं. पण विरोधाचं पत्र लिहिताना 'इथे असं काही होत नाही' हे वाक्य मी लिहिलं होतं. ते कशाच्या आधारावर लिहिलं, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. ते वाक्य मी मागे घेतो.

नीलमोहर, कॅन्सस मान्य. प्रपोझिशन १३ बद्दल माझं मत पक्कं नाही. म्हातारपणी लोकांची घरं करापायी जाऊ नयेत हा त्यामागचा विचार मला अजून योग्य वाटतो, पण त्याचा भार नव्या कुटुंबांवर पडला हे खरं. १९६५ च्या कायद्याला मात्र रिपब्लिकनांनीही भरघोस मतं दिली होती, तेवढी नोंद असू द्या. स्थलांतराबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांतला साधारण ७ टक्केच वाटा, म्हणून आपली माणसं दशकभराच्या वर रांगेत. रांग पाळणाऱ्याला कुणी वाली नाही, आणि रांग न पाळणाऱ्याबद्दल बोललं की आपण निष्ठुर. रांगेत माझे मित्र आहेत, त्यांची मुलं २१ वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात.

पावशा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मतदान केलेल्या धोरणाबद्दल असं बोलणारं माणूस मला दोन्ही बाजूंना क्वचित भेटतं.

नीलमोहर:

रांगेबद्दल एकमत आहे. म्हणूनच सरळ विचारते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क कुणी लावलं? आणि २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, जन्माने मिळणारं नागरिकत्व आक्रसण्याचा आदेश कुणी काढला? आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर मूल नागरिक नाही. म्हणजे कायद्याने आलेली, कर भरणारी, रांगेत उभी असलेली आपलीच माणसं. न्यायालयांनी तो आदेश रोखला, संसदेने नाही. तुम्ही २०२४ मध्ये कुणाला मत दिलंत ते मी विचारत नाही. पण आठवीच्या बीजगणितासाठी सभेत उभे राहिलात, तसे यासाठी उभे राहिलात का?

खाडीपार:

विचारायला हरकत नाही, मीच सांगतो. मी ट्रम्प यांनाच मत दिलं.

१ लाखाच्या शुल्काबद्दल मी पत्र लिहिलं. छोट्या कंपन्या, रुग्णालयं हे भरूच शकणार नाहीत, आणि जिथे पगार खाली पाडण्यासाठी व्हिसाचा गैरवापर होतो तिथे तपास करा, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. नागरिकत्वाच्या आदेशाबद्दल मी काहीच केलं नाही. पहिले काही दिवस मी मनाशी म्हणत होतो की हा आपल्यासाठी नाही, तो दुसऱ्यांसाठी आहे. मग बायकोने तारखा समोर ठेवल्या. मुलीचा जन्म २००८ चा. तेव्हा मी एच-१बी वर, बायको जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर, ग्रीन कार्डाला अजून चार वर्षं होती. आदेश मागच्यांना लागू नाही हे खरं, पण आज आमच्या जागी असलेल्या जोडप्याच्या मुलीला तो लागू झाला असता. हेतू बेकायदा घुसखोरी थांबवण्याचा होता, असं मीच लोकांना सांगत होतो.

आज रात्री तेही पत्र लिहितो.

पाटीपेन्सिल ताई, एक विनंती. माझा मुलगा धाकटा, आमच्या शाळा मंडळात पुढच्या महिन्यात वाचनाचा अभ्यासक्रम चर्चेला आहे. बोलायला दोनच मिनिटं मिळतात. तुम्ही असता तर काय विचारलं असतं?

पाटीपेन्सिल:

पहिला प्रश्न: वर्षातून किती वेळा प्रत्येक मुलाची तपासणी होते, आणि निकाल आईबापांना किती दिवसांत कळतो? दुसरा: पुस्तकांवर किती खर्च आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर किती? प्रशिक्षण दोन दिवसांचं असेल तर तिथेच थांबवा, आम्हाला दोन वर्षं लागली. वेळ उरला तर शिक्षकांना वर्गात येऊन मदत कोण करणार ते विचारा. अडवण्याचा मुद्दा पहिल्या सभेत काढू नका, सगळी चर्चा तिकडे जाईल. आणि सभेआधी तुमच्या शाळेतल्या पहिलीच्या एखाद्या शिक्षिकेशी बोला. ती काय म्हणते ते मला इथे कळवा.